पेपर चुकला, आता पीएचडी सोडून देऊ का?

या वेळचं पत्र जुळे सोलापूरहून आलंय. नाव छापू नका म्हणलाय म्हणून छापत नाही. पत्र लांबलचक आहे, कामाचं तेवढं देते.

"मावशी, मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, बाहेरगावी. विषय स्ट्रिंग अल्गोरिदम आणि ग्राफ थिअरी, म्हणजे अक्षरांच्या ओळी आणि टिंबं-जोडण्यांची जाळी. आमचा एक पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापायला गेला होता, त्यात दावा असा की प्रत्येक नोडवर (टिंबावर) अक्षर लिहिलेला डॅग (बाणांचा, पण चक्र नसलेला ग्राफ) असेल तर त्यात दिलेला पॅटर्न कुठल्या वाटेवर सापडतो ते जवळजवळ लिनियर टाइममध्ये, म्हणजे डेटा वाढेल त्याच प्रमाणात वाढणाऱ्या वेळात, काढता येतं. एका रिव्ह्यूअरनं दोनच ओळी लिहिल्या, हे खरं असेल तर सेथ (सगळे धरून चालतात तो एक अंदाज) खोटं ठरतं, २०१९ चा निकाल बघा. बघितला आणि हातपाय गार पडले. पेपर रिजेक्ट झाला. प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीची प्रत, अजून तशीच नेटवर आहे, तिच्यावर गाइडचं पण नाव आहे. रिव्ह्यू माझ्या अकाउंटवर आलेले, मी सरांना फक्त 'रिव्ह्यू बरे नाहीत' एवढंच सांगितलं. दिवाळीला घरी आलो तो परत गेलोच नाही. गंमत म्हणजे माझा प्रोग्रॅम खऱ्या डेटावर भारी पळतो, आणि प्रूफ पाठवण्याआधी चॅटबॉटला दाखवलं होतं, तो पण बरोबर आहे म्हणाला. बाबांचा टॉवेलचा कारखाना आहे, ते काही बोलत नाहीत, पण काका रोज विचारतात की एवढं शिकून उपयोग काय. पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आहे, फेब्रुवारीत जॉइनिंग. तीन वर्षं पाण्यात गेल्यासारखी वाटतात. सोडू का?"

अरे, आधी एक काम कर, बाकीचं सगळं नंतर. सरांना फोन कर. मेल नको, मेल लिहायला बसलास की चार दिवस ड्राफ्टच करत बसशील, सरळ फोन कर आणि पहिल्या वाक्यात सांग की सर, आपलं थिअरम चुकलंय, २०१९ च्या लोअर बाउंडशी (याहून कमी वेळात होणार नाही असं सांगणाऱ्या निकालाशी) भांडतंय, मला दोन महिने सांगायचं धाडस झालं नाही. बास. त्यांचं नाव आहे त्या प्रीप्रिंटवर, आणि उद्या कुठल्या तरी कॉन्फरन्सला चहाच्या टेबलावर कुणी त्यांना हेच विचारलं तर त्यांचं तोंड कसं होईल बघ की. चुकीचं प्रूफ लिहिणं म्हणजे लबाडी नव्हे, ते सगळ्यांच्या हातून होतं, पण चूक कळल्यावर गप्प बसून राहणं मात्र दिवसेंदिवस लबाडीच्या अंगाला जायला लागतं आणि तुझ्या पोटात जो गोळा आलाय तो मला वाटतं त्याचाच आहे, थिअरमचा नाही. ते ओरडतील कदाचित. ओरडू दे.

सगळ्यांच्या हातून होतं म्हणलं ते तुला बरं वाटावं म्हणून नाही हं. तुझ्याच विषयातलं सांगते, मी कॉलेजात अल्गोरिदम शिकवायचे तेव्हा दर वर्षी पोरांना हे मुद्दाम सांगायचे. १९७७ साली कनूथ, मॉरिस आणि प्रॅट यांचा तो प्रसिद्ध पेपर आला, केएमपी म्हणून जो सगळे पाठ करतात, आणि त्याच वर्षी बॉयर आणि मूर यांची दुसरी पद्धत आली जी पॅटर्न शेवटाकडून जुळवत येते. त्या बॉयर-मूरला आधी एक तक्ता करून ठेवावा लागतो, कुठं जुळलं नाही तर पॅटर्न किती घरं पुढं ढकलायचा याचा. तो तक्ता करायची रीत कनूथ मंडळींच्या पेपरात दिलेली होती आणि ती चूक होती. म्हणजे कनूथ, या विषयातल्या सगळ्यात मोठ्या माणसांपैकी एक! १९८० साली रिटर नावाच्या पोलिश संशोधकानं ती दुरुस्त केली आणि पेपरच्या नावातच 'बरोबर' असा शब्द घातला, म्हणजे काय ते ओळख. कुणाचं काही बिघडलं नाही, आज दोन्ही पेपर लोक सन्मानानं सांगतात. कनूथनं काही दिवाळीला घरी जाऊन दार लावून घेतलं नव्हतं.

आता त्या २०१९ च्या निकालाबद्दल, कारण तू तो वाचून घाबरलास पण मला शंका आहे की तू तो नीट वाचलास का. बाकीच्या वाचकांसाठी दोन वाक्यं, मग तुझ्याकडं येते. सरळ मजकुरात शब्द शोधायचा असेल तर वेळ बेरजेनं लागतो, मजकुराची अक्षरं अधिक शब्दाची अक्षरं, ही केएमपीची कमाल. पण मजकूर सरळ नसून त्याला फाटे फुटत असतील, म्हणजे ग्राफ असेल, तर साध्या पद्धतीनं वेळ गुणाकारानं लागतो, ग्राफच्या जोडण्या गुणिले शब्दाची अक्षरं. बेरीज आणि गुणाकार यातला फरक लाखांच्या आकड्यात गेलं की कळतो. या मुलाचा दावा होता की फाटे असले तरी बेरजेत जमतं. तर एक्वी, ग्रॉसी, मॅकिनेन आणि तोमेस्कू या चौघांनी २०१९ साली दाखवलं की हा गुणाकार खऱ्या अर्थानं कमी करता येत नाही, म्हणजे दोन आकड्यांपैकी एकाचाही घातांक एकाच्या खाली आणता येत नाही, अगदी अक्षरं दोनच असली, ग्राफमध्ये चक्र नसलं आणि प्रत्येक नोडला येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून फक्त तीनच जोडण्या असल्या तरीही. अट एकच, की सेथ खरं असायला पाहिजे. सेथ म्हणजे सॅटचा प्रश्न (हो-नाहीच्या अटींचा गठ्ठा एकदम पाळता येतो का हा) सोडवायला सगळ्या शक्यता तपासण्यापेक्षा फार काही शहाणा मार्ग नाही असा एक अंदाज, अजून कुणी सिद्ध केलेला नाही पण मोडलेलाही नाही. म्हणजे रिव्ह्यूअर म्हणाला त्याचा अर्थ, पोरा, एक तर तू कॉम्प्युटर सायन्समधला भूकंप केलायस नाहीतर कुठं तरी लेमा, म्हणजे प्रूफमधली एखादी पायरी, फसलाय. दुसरीच शक्यता जास्त, हे तुलाही कळलंय.

पण लेमा कुठला फसलाय ते शोधलंस का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तू निकाल बघितलास, हबकलास आणि वही मिटलीस. असं नसतं करायचं. तो निकाल म्हणजे तुझ्या चुकीचा पत्ता आहे आयता. त्या पेपरात ऑर्थोगोनल व्हेक्टर्सच्या प्रश्नावरून (शून्य-एकच्या ओळींत अशी जोडी आहे का, जिच्यात एकाही जागी दोन्हीकडं एक येत नाही) ग्राफ कसा बांधायचा ते पायरीपायरीनं दिलंय. शून्य-एकचे तीन-चार छोटे व्हेक्टर घे, कागदावर तो ग्राफ काढ, तो पॅटर्न लिही आणि तुझा अल्गोरिदम त्यावर हातानं चालव. एक तर उत्तर चुकेल, नाहीतर तू जिथं 'एवढ्याच वाटा जिवंत राहतील' असं गृहीत धरलंस तिथं वाटा भसाभस वाढताना दिसतील. बाबांना विचार, जकार्ड मागावर नक्षी ठरवणाऱ्या कार्डांच्या साखळीत एक कार्ड चुकीचं पंच झालं तर ते अख्खी साखळी फेकून देतात का? कापडात दर रिपीटला त्याच ओळीत दोष येतो, ती ओळ मोजायची आणि तेवढं कार्ड काढायचं. तुला नेमका दोष दाखवणारं कापड त्या चौघांनी फुकट विणून दिलंय आणि तू घरात तोंड लपवून बसलायस.

चॅटबॉटचं मात्र सोड. तो 'वा, फार सुंदर प्रूफ' म्हणणारच, त्याच्या बापाचं काय जातंय. प्रूफ दाखवायचं तर जो कंटाळून 'हे इथं कसं काय आलं' असं विचारतो अशा माणसाला दाखवावं, तुझ्या लॅबमध्ये तसला एक तरी खडूस असेलच.

आता पत्रात तू 'गंमत म्हणजे' म्हणून जे सहज टाकलंस ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. प्रोग्रॅम खऱ्या डेटावर भारी पळतो. का पळतो? लोअर बाउंड सांगतो की सगळ्यात वाईट ग्राफवर पळणार नाही, पण खरा डेटा म्हणजे काही दुष्टपणे बांधलेला ग्राफ नव्हे. माणसांचे जिनोम, म्हणजे डीएनएची अख्खी अक्षरमाळ, घेतलेस तर कुठल्याही दोघांची अक्षरं ९९ टक्क्यांहून जास्त सारखीच असतात, म्हणजे ग्राफ लांबच्या लांब सरळ रस्ता आणि मधेमधे छोटे फुगे. अशा ग्राफवर एका वेळी जिवंत वाटा थोड्याच राहत असणार. मग ते 'थोड्याच' म्हणजे किती, ते कशावर अवलंबून आहे, त्या गोष्टीला एक नाव दे, एक अक्षर दे, आणि तेवढं अक्षर वेळेच्या सूत्रात येऊ दे. तुझं फसलेलं थिअरम असं एक अट घालून उभं राहू शकतं. राहीलच असं मी इथं बसून सांगत नाही, पण बघायला तर पाहिजे.

आणि हे मी मनानं सांगत नाही, ज्यांनी दार बंद केलं त्यांनीच पुढं हे केलंय. २०२० मध्ये मॅकिनेन, एक्वी, तोमेस्कू आणि त्यांच्या जोडीदारांनी फाउंडर ब्लॉक ग्राफ म्हणून एक प्रकार मांडला, जिथं ग्राफवर एक ठराविक अट पाळली की इंडेक्स, म्हणजे शोधासाठी आधीच करून ठेवलेली सूची, होतो आणि शोध झटपट होतो. म्हणजे आधी सिद्ध केलं की सरसकट जमत नाही आणि पुढच्याच वर्षी विचारलं की बरं मग कुठं जमतं. त्याच्या आधी २०१७ मध्ये व्हीलर ग्राफ आले होते, त्यात नोड अशा क्रमानं लावता येतात की शोध पॅटर्नच्या लांबीइतक्याच वेळात होतो. मग २०१९ मध्ये गिबनी आणि थंकचन यांनी दाखवलं की दिलेला ग्राफ व्हीलर आहे का हे ओळखणंच एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ते झटपट ओळखायची रीत कुणालाच माहीत नाही. बघ, परत दार बंद, आणि तरी लोक त्यावर काम करतातच. तुझं क्षेत्रच असं चालतं. तू तीन वर्षं पाण्यात गेली म्हणतोस, मला तर वाटतं तुझा थीसिस आत्ता कुठं सुरू व्हायलाय.

प्रीप्रिंटचं राहिलं. सरांशी बोलल्यावर ती मागं घ्या. अर्काइव्हवर (प्रीप्रिंट ठेवायची साइट) विड्रॉ करायची सोय आहे, जुनी आवृत्ती दिसत राहते पण वर कारण लिहिता येतं. तिथं सरळ लिहायचं, अमुक लेमा चुकीचा आहे, त्यामुळं मुख्य थिअरम लागू होत नाही. एवढी एक ओळ लिहिली की ते प्रकरण संपतं. अशी ओळ वाचून लोक हसतात असं तुला वाटतं, पण जो माणूस तुझ्या पेपरवर पुढं काही बांधणार होता तो मनातल्या मनात तुला धन्यवादच देतो.

आता काका. सोलापुरात काका नसलेलं घर नाही आणि 'उपयोग काय' न विचारणारा काका नाही. माझं म्हणणं, एकदाच नीट सांग आणि परत परत सांगत बसू नकोस. काय सांगशील ते मी सुचवते. काकांनी शाळेत मराठीच्या तासाला वृत्तं केली असतील, त्यांना विचार यमाताराजभानसलगा आठवतं का. आठवतंच. य-गण हवा तर यमाता, म-गण हवा तर मातारा, र-गण राजभा, असं कुठूनही तीन अक्षरं उचलायची, लघु-गुरूचा क्रम मिळतो. आता कागद घे आणि त्यांच्यासमोर मोज. लघु-गुरूच्या तीन-तीनच्या जोड्या एकूण आठच होतात, आणि या दहा अक्षरांच्या ओळीत त्या आठही येतात, प्रत्येक एकदाच, ना एक जास्त ना एक कमी. एकेक गण सुटा लिहिला असता तर चोवीस अक्षरं लागली असती. ज्यानं कुणी ही ओळ रचली त्यानं केवढी बचत केली!

ही ओळ म्हणजे शुद्ध तुझा विषय आहे. स्ट्रिंग आहे, आणि तिच्या पोटात ग्राफ आहे. चार टिंबं काढ, लघुलघु, लघुगुरु, गुरुलघु, गुरुगुरु. प्रत्येक गण म्हणजे एक बाण, पहिल्या दोन अक्षरांच्या टिंबापासून शेवटच्या दोन अक्षरांच्या टिंबाकडं. आठ गण, आठ बाण. प्रत्येक बाणावरून एकदाच जायचं आणि सगळे बाण संपवायचे, ती वाट म्हणजे यमाताराजभानसलगा. 'यमा'च्या टिंबावर सुरू होते आणि 'लगा'च्या टिंबावर संपते, दोन्ही लघुगुरुच, म्हणजे फिरून जागेवर. असल्या बंद वाटा या ग्राफमध्ये दोनच निघतात. द ब्रुईननं १९४६ साली अशा ओळी किती निघतात ते मोजलं म्हणून आज त्यांना त्याचं नाव आहे, आपण शाळेत मार खाऊन पाठ केलेली ओळ त्यातलीच एक.

मग काकांना म्हणायचं, लघु-गुरूच्या जागी डीएनएची चार अक्षरं ठेवा. माणसाचा जिनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, आणि बरीचशी मशिनं ते एका दमात वाचत नाहीत, दीडदोनशे अक्षरांचे तुकडे हातात देतात. तुकडे जोडून मूळ ओळ काढायची. २००१ साली पेव्झनर, टँग आणि वॉटरमन यांनी दाखवलं की तुकड्यांचे असेच बाण करून असंच सगळ्या बाणांवरून एकदा जाणारी वाट शोधायची. आणि आता तर एकाच माणसाचा जिनोम प्रमाण धरून भागत नाही म्हणून २०२३ मध्ये ४७ जणांचे जिनोम एकत्र गुंफून ग्राफच्या रूपात पहिला मसुदा आला, आपल्याकडं जिनोम इंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जिनोम वाचून झालेत. या असल्या गुंतवळ्यात एखादा तुकडा कुठं बसतो ते लवकर कसं शोधायचं, हा तुझा प्रश्न. एवढं सांग. त्यावर काका 'पण पगार किती' विचारतील, तर विचारू दे, विषय क्रिकेटवर ने.

याच वाटेच्या गोष्टीत एक तुकडा तुझ्यासाठी आहे, काकांसाठी नाही. ऑयलरनं १७३६ साली कोनिग्सबर्गच्या सात पुलांवर लिहिलं आणि अशी वाट कधी निघते त्याचा नियम सांगितला, पण नियमाची अर्धी बाजू, म्हणजे अट पाळली की वाट निघतेच, ती नीट सिद्ध करायची राहिली. ती केली हिअरहोल्त्सर नावाच्या एका जर्मन पोरानं. तो १८७१ मध्ये तिशीतच गेला, पेपर लिहायच्या आधीच. पण जाण्याआधी त्यानं सहकाऱ्यांना ते प्रूफ तोंडी समजावून सांगितलं होतं, त्यांनी आठवून आठवून लिहून काढलं आणि १८७३ मध्ये छापलं. सांगितलं होतं म्हणून राहिलं. तू दोन महिने कुणालाच काही सांगितलेलं नाहीस, ना चूक ना प्रोग्रॅम का पळतो ते.

राहता राहिली पुण्याची ऑफर. नोकरी वाईट नाही आणि पीएचडी सोडणारा माणूस पण काही पळपुटा नसतो, माझ्या ओळखीतले कितीतरी जण सोडून सुखात आहेत. पण ते विषय नकोसा झाला म्हणून सुटले. तुझ्या पत्रात विषयाबद्दल एक वाक्य तक्रारीचं नाही, सगळी तक्रार स्वतःबद्दल आहे, म्हणून मी आत्ता लगेच सोड म्हणणार नाही. वेळेचं म्हणशील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमात सहा वर्षांपर्यंत मुदत आहे आणि थीसिस देण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही जुनी सक्ती पण त्यात काढलीय, फक्त तुझ्या इन्स्टिट्यूटचा स्वतःचा नियम काय आहे ते ऑफिसात विचारून घे, कारण काही ठिकाणी पेपर मागतातच. फेलोशिप जेआरएफवाली असेल तर ती एकूण पाच वर्षं चालते, म्हणजे पैशाच्या हिशोबानं तुझ्याकडं वर्ष-दीड वर्ष आहे, जास्त नाही. तेवढ्यात अट घातलेलं थिअरम, प्रयोग आणि तो चुकलेला लेमा का चुकला याचं एक प्रकरण, एवढं होण्यासारखं आहे. ते प्रकरण गाळू नकोस बरं, परीक्षक तेच सगळ्यात आवडीनं वाचतील.

कंपनीला मेल टाक की जॉइनिंग दोन-तीन महिने पुढं ढकलता येईल का, विचारायला काही पैसे पडत नाहीत. हो म्हणाले तर सरांशी बोलून, तो ग्राफ हातानं सोडवून मग ठरव. नाही म्हणाले तर सरांशी बोलणं आणि तो ग्राफ, दोन्ही फेब्रुवारीच्या आत उरक, आणि त्यानंतरही सकाळी उठून वही उघडावीशी वाटली नाही तर खुशाल पुण्याला जा, मी वाईट म्हणणार नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात गाड्यांना गर्दी असते, परतीचं रिझर्वेशन आजच बघून ठेव.